बेट नव्हे, होडी: कमी पैशात स्वयंपाकघरातलं मधलं टेबल स्वतः कसं करावं

आजचा विषय ‘किचन आयलंड’. शब्द इंग्रजी, चित्रं बहुतेक अमेरिकी. मोठ्या हॉलएवढं स्वयंपाकघर, त्याच्या मध्यभागी दगडी माथ्याचा लांबरुंद ओटा, भोवती उंच स्टुलं. हे चित्र मोबाइलवर बघायचं आणि मग आपल्या सात बाय आठच्या स्वयंपाकघरात येऊन उभं राहायचं. साहजिकच वाटतं, हे आपल्यासाठी नाही.

पण थोडं थांबून विचारू या, की या वस्तूत आपल्याला नेमकं हवंय काय? दगड, स्टुलं आणि वर लोंबणारे दिवे बाजूला काढले तर उरतात तीनच गोष्टी. चिरायला, लाटायला, मांडायला जास्तीची जागा. खाली डबे ठेवायची सोय. आणि भिंतीकडे तोंड न करता माणसांकडे तोंड करून काम करता येणं. या तिन्ही गोष्टी एका प्लायच्या शीटमधून, चार चाकांवर, घरच्या घरी करता येतात. आज आपण ते मापांसकट बघणार आहोत. शेवटी प्रश्नोत्तरं आहेतच.

ओटा कुठून आला, आणि भिंतीकडे तोंड का?

आपल्याकडचा स्वयंपाक मुळात बसून करायचा. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. बसायला पाट. मग स्टोव्ह आला, गॅस आला, आणि काम उभ्यानं होऊ लागलं. सोबत आला ओटा. आधी कडप्प्याचा, मग ग्रॅनाइटचा. ओटा भिंतीला चिकटलेला असतो कारण नळ, सांडपाण्याचा पाइप आणि खिडकी भिंतीत असते. कारण अगदी साधं आहे. पण त्याचा परिणाम असा, की स्वयंपाक करणारं माणूस दिवसातले दोन-तीन तास घराकडे पाठ करून उभं असतं.

हा प्रश्न फक्त आपला नाही. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारवर्गासाठी मोठ्या प्रमाणावर घरं बांधली जात होती. त्या घरांसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे आपल्या फूटपट्टीत सव्वासहा बाय अकरा. गृहिणीची पावलं कुठं वाया जातात, हात कुठं पोहोचत नाही, याचा हिशोब करून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. खिडकीपाशी काम करायची फळी, बसायला स्टूल, त्या फळीतच कचरा लोटायचा कप्पा. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं तिथं बसवली गेली. आजच्या मॉड्यूलर किचनची ती आजीच म्हणा.

पुढं याच आखणीवर टीकाही झाली. पावलं वाचली हे खरं, पण खोली इतकी अरुंद की तिथं दुसरं माणूस मावेना. म्हणजे काम सोपं झालं आणि काम करणारी बाई एकटी पडली. मदतीला कुणी यायचं म्हटलं तर त्यानं उभं राहायचं कुठं? मधल्या टेबलाचं खरं महत्त्व इथं आहे. त्याला दोन बाजू असतात. एका बाजूला पोळ्या लाटणारी व्यक्ती, दुसऱ्या बाजूला मटार सोलणारा मुलगा किंवा कोशिंबिरीची काकडी कोचणारे आजोबा. ओट्यापाशी दोघं एकमेकांच्या कोपराला लागतात, टेबलापाशी समोरासमोर येतात.

आधी जागेचा हिशोब

बेट मध्यभागी कायमचं ठेवायचं असेल तर किती रुंदी लागते? ओट्याची खोली साधारण ६० सेंटिमीटर. ओटा आणि टेबल यांच्यामध्ये एका माणसानं वाकून, वळून काम करायचं तर अमेरिकेतल्या स्वयंपाकघर आखणाऱ्यांची शिफारस आहे ४२ इंचांची, म्हणजे १०७ सेंटिमीटर. टेबल ६० सेंटिमीटर. पलीकडून जायला-यायला ३ फूट, म्हणजे जवळपास ९० सेंटिमीटर. बेरीज करा: ६० अधिक १०७ अधिक ६० अधिक ९०, झाले ३१७ सेंटिमीटर. जवळजवळ साडेदहा फूट.

आता आपली बाजू बघा. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत जेवणाची जागा वेगळी असलेल्या घरातल्या स्वयंपाकघराची किमान रुंदी १.८ मीटर दिली आहे. बिल्डर किमान म्हटलं की किमानच देतो, हे तुम्हाला माहीत आहे. १८० मधून ओट्याचे ६० गेले, उरले १२०. त्यात ६० चं टेबल घातलं की उरले ६०. ६० सेंटिमीटरमध्ये गॅसपाशी उभं राहून मागं वळताही येत नाही. हातात गरम कुकर असताना तर नकोच.

म्हणून आपलं पहिलं सूत्र असं: आपल्याला बेट नको, होडी हवी. चाकांवरचं टेबल. एरवी भिंतीला, खिडकीखाली किंवा हॉलच्या कडेला लावून ठेवायचं. स्वयंपाकाच्या वेळी ओढून मध्ये किंवा स्वयंपाकघराच्या दारात आणायचं. काम झालं की परत किनाऱ्याला. त्या दोन तासांत त्या वाटेनं जाणारं-येणारं कुणी नसतं, त्यामुळे ९० सेंटिमीटरचा आग्रह सोडता येतो. ओट्याच्या बाजूचं अंतर मात्र सोडू नका. किमान ९० तरी ठेवा.

प्लाय आणायच्या आधी एक काम करा. खडूनं जमिनीवर टेबलाचा आयत आखा आणि चार दिवस त्याच्या भोवतीनं वावरा. फ्रिजचं दार उघडून बघा. ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढून बघा. ओव्हनचं दार, कचऱ्याचा डबा, सिलिंडर बदलायची वाट, सगळं. आणि दाराच्या चौकटीची आतली मोकळी रुंदी मोजा. ६० सेंटिमीटरची होडी ७५ च्या दारातून जाईल, ५८ च्या नाही.

विटांचं नको

दरवेळी कुणीतरी विचारतं, की गवंड्याकडून मध्ये पक्का ओटाच बांधून घेतला तर? स्वस्तात होतो, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तळमजल्यावर, जमिनीवर घर असेल तर जरूर विचार करा. वरच्या मजल्यावर मात्र आधी वजन काढू या.

वीटकामाचं वजन एका घनफुटाला साधारण ५४ किलो. चार फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच भरीव ओटा म्हणजे २० घनफूट. वजन सुमारे १,०८० किलो, फक्त ८ चौरस फुटांवर. घरातल्या खोल्यांसाठी स्लॅब आखताना माणसं आणि सामान यांचं जे वजन धरतात ते भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलो, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो. आपला ओटा चौरस फुटाला १३५ किलो देतोय. भरीव न करता साडेचार इंची दोन भिंती आणि वर दगड असं केलं, तरी भिंतींचेच २०० किलो, आणि तेही दोन अरुंद पट्ट्यांवर. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळतो असा नाही. पण हा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून घ्यायचा असतो, गवंड्याच्या ‘काही होत नाही हो’वर नाही. शिवाय घर भाड्याचं असेल तर बांधलेला ओटा घरमालकाचा होतो. होडी आपल्याबरोबर टेम्पोत चढते.

उंची: हे माप दुकानात मिळत नाही

इथं थोडं जास्त थांबू या, कारण सगळ्यात जास्त फायदा इथंच आहे.

ओटा बिल्डरनं केलेला असतो, एका ठरावीक उंचीला. पाच फुटांच्या आजींना तो उंच पडतो, खांदे वर ओढून चिरावं लागतं. पावणेसहा फुटांच्या माणसाला तो खुजा पडतो, कंबर वाकते. पाठ दुखते ती कामानं दुखते असं आपण म्हणतो. बऱ्याचदा ती दोन-तीन इंचांनी दुखत असते.

आपण स्वतः करतोय ते टेबल मात्र आपल्या अंगाच्या मापाचं होऊ शकतं. माप असं घ्यायचं: जो सगळ्यात जास्त स्वयंपाक करतो त्यानं घरात वापरतो त्याच चपला घालून सरळ उभं राहायचं. हात कोपरात काटकोनात दुमडायचा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजायचं. चिरणं, निवडणं, भरणं अशा हलक्या कामाला पृष्ठभाग कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा. कणीक मळणं, पोळ्या लाटणं यात वरून जोर द्यावा लागतो, त्यासाठी आणखी खाली, १५ ते २० सेंटिमीटर बरा.

समजा कोपराची उंची १०० सेंटिमीटर आहे. चिरायला ८५ ते ९० हवं, मळायला ८० ते ८५. घरातला ओटा ८६ चा असेल तर तो चिरण्यासाठी ठीकच आहे, मग टेबल ८२-८४ चं करा आणि मळणं-लाटणं तिथं हलवा. दोन उंचीचे दोन पृष्ठभाग घरात असणं ही चैन नाही. ज्याच्या हातात लाटणं, त्याच्या कोपराचं माप, एवढं लक्षात ठेवा. घरात दोघं आळीपाळीनं स्वयंपाक करत असतील तर बुटक्या माणसाचं माप धरा. उंच माणसाला खाली जाड पाट ठेवून दोन इंच वाढवता येतात, बुटक्याला टेबल कापता येत नाही.

एका शीटमधून सगळं

आता प्रत्यक्ष आखणी. वही-पेन्सिल घ्या.

प्लायची पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. जाडी १८ मिलिमीटर घेऊ. टेबलाचा माथा १२०० बाय ६००, खालचा सांगाडा १००० बाय ५००. म्हणजे माथा लांबीच्या दोन्ही टोकांना १०-१० सेंटिमीटर आणि पुढं-मागं ५-५ सेंटिमीटर बाहेर येतो. टोकाला फडकं अडकवायला, पायाच्या बोटांना जागा मिळायला हे बरं पडतं.

आधी शीट लांबीत दोन पट्ट्यांत कापायची, प्रत्येक ६०० रुंद. करवतीचं पातं दर कापाला तीन-चार मिलिमीटर खातं, ते १२२० मध्ये बसतं.

पहिल्या पट्टीतून: माथा १२०० बाय ६००, आणि मधली फळी ९६४ बाय ५००. शेवटी सुमारे २६ सेंटिमीटरचा तुकडा उरतो, तो टाकू नका.

दुसऱ्या पट्टीतून: तळफळी १००० बाय ५००, आणि दोन बाजू ७०० बाय ५००. बेरीज २४००, कापांची खाद धरून २४४० मध्ये बरोब्बर मावते.

दोन्ही पट्ट्या ६०० च्या आणि फळ्या ५०० च्या, म्हणजे कडेला साडेनऊ सेंटिमीटरच्या पट्ट्या सुटतात. त्यातून ९६४ लांबीच्या तीन आडव्या पट्ट्या निघतात. टेबल डुगडुगू नये म्हणून त्याच लागतात. आणि त्या २६ सेंटिमीटरच्या उरलेल्या तुकड्यातून १२० बाय १२० चे चार चौकोन काढा, चाकांच्या वर आतून बसवायला.

उंची किती झाली? ७५ मिलिमीटर व्यासाचं चाक पत्र्यासकट साधारण १०० भरतं. तळफळी १८, बाजू ७००, माथा १८. एकूण ८३६ मिलिमीटर, म्हणजे तेहेतीस इंच. तुमच्या कोपराच्या मापाप्रमाणे कमी-जास्त करायचं ते फक्त बाजूच्या ७०० मध्ये. कमी कितीही करा. वाढवायचं असेल तर दोन्ही बाजू मिळून दोन-अडीच सेंटिमीटरच जागा आहे, त्यापुढं उंच चाक घ्या.

हे काप स्वतः हातकरवतीनं करायच्या फंदात पडू नका. प्लायच्या अनेक दुकानांत किंवा जवळच्या सुताराकडे मशीनवर थोड्या पैशांत कापून मिळतं. मापांचा कागद नीट लिहून द्या. मशीनचा काप सरळ असतो आणि निम्मं सुतारकाम त्या सरळपणातच आहे.

प्लाय कुठला घ्यायचा?

पैसे वाचवायचे म्हणून भुशाचा दाबलेला बोर्ड घेऊ नका. तो पाणी प्यायला की पावासारखा फुगतो, आणि स्वयंपाकघरात पाणी चुकत नाही. घ्यायचा तो पाण्यात टिकणारा प्लाय. बाजारात त्याला मरीन किंवा बीडब्ल्यूपी म्हणतात, त्याचं मानक आयएस ७१०. या मानकाच्या चाचणीत प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते बघतात.

शिक्का कुणीही मारू शकतो. म्हणून आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’ नं सुरू होणारा परवाना क्रमांक बघा आणि भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो टाकून पडताळा. परवाना कुणाच्या नावावर आणि कशासाठी आहे ते दिसतं. दुकानदार खरा असेल तर त्याला राग येत नाही.

हिशोब मांडताना आधी नग, मग भाव. वहीत लिहा: प्लाय ३२ चौरस फूट. चाकं चार, त्यातली दोन तरी ब्रेकची. पाण्यात टिकणारा फेविकॉल अर्धा किलो. ४० मिलिमीटरचे स्क्रू एक पाकीट. माथ्यापुरता सनमायका. माथ्याच्या कडेची पट्टी ३.६ मीटर, म्हणजे बारा फूट. माथा जोडायला छोटे एल-पत्रे सहा. थोडं वॉर्निश किंवा ऑइलपेंट. मग समोर तीन दुकानांचे भाव. उदाहरणापुरतं, प्लाय चौरस फुटाला १०० रुपये धरला तर शीट ३,२०० ची, १३० धरला तर ४,१६० ची. यादीतली सगळ्यात मोठी रक्कम हीच, म्हणून घासाघीस इथं करा. सनमायका मात्र पूर्ण शीट घेऊ नका, दुकानात उरलेले तुकडे पडलेले असतात. ड्रिल मशीन विकत न घेता शेजाऱ्यांकडून मागून आणा, दोन दिवसांचंच काम आहे.

जोडणी

क्रम महत्त्वाचा आहे.

एक. सगळ्या तुकड्यांच्या कडा पॉलिश पेपरनं घासा. कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्या. प्लाय पाणी पितो तो कडेनं. फक्त जिथं फेविकॉल लागणार ती जागा कोरी ठेवा.

दोन. तळफळीच्या चार कोपऱ्यांत, वरच्या अंगाला, बाजूंच्या १८ मिलिमीटर जाडीची जागा सोडून चार चौकोन फेविकॉल आणि स्क्रूनं बसवा. आता चाकाच्या बोल्टला १८ ऐवजी ३६ मिलिमीटर लाकूड मिळालं.

तीन. दोन्ही बाजू तळफळीवर उभ्या करा, फेविकॉल लावून खालून स्क्रू मारा. बाजू तळफळीवर उभी असते, तिला लटकलेली नसते, हे मुद्दाम आहे. वजन लाकडावरून लाकडावर जातं, स्क्रूवर लोंबत नाही. प्रत्येक स्क्रूआधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा. तसाच रेटला तर प्लायची कड फाटते.

चार. दोन आडव्या पट्ट्या बाजूंच्या वरच्या टोकाला, एक पुढं, एक मागं, उभ्या कडेवर. मधली फळी तळापासून साधारण ३३ सेंटिमीटरवर, म्हणजे खाली कुकर आणि उंच डबे मावतात. तिसरी पट्टी या फळीच्या खाली, मागच्या कडेला, म्हणजे पिठा-तांदळाच्या वजनानं फळी झोळ देणार नाही.

पाच. फेविकॉल ओला असतानाच कर्ण मोजा. पुढच्या आयताचे दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे चारही कोन काटकोन. नाही आले तर लांब कर्णाच्या दोन टोकांना दाबून सारखे करा. मग रात्रभर हात लावू नका.

सहा. चाकं बोल्टनं, आणि माथा आतून एल-पत्र्यांनी. माथ्याला फेविकॉल नको. पाच-सात वर्षांनी माथाच खराब होतो, तेव्हा तेवढाच बदलता आला पाहिजे. एल-पत्र्यांचे स्क्रू माथ्याच्या अठरा मिलिमीटरमधून वर येणार नाहीत असे, बारा-पंधराचे घ्या.

चाकांबद्दल एक हिशोब. प्लायचं टेबल तीस किलोच्या आसपास. सामान साठ किलो धरा. एकूण नव्वद. चार चाकांवर भागून साडेबावीस येतात, पण फरशी कधीच अगदी सपाट नसते, एक चाक अधांतरी राहतं. म्हणून तीनानं भागा: तीस. वर दगड ठेवणार असाल तर आणखी पस्तीस किलो. तेव्हा दर चाकाला पन्नास किलोच्या वरची क्षमता घ्या आणि चाक रबराचं किंवा तशाच मऊ धावेचं, म्हणजे फरशीवर चरे पडत नाहीत. जड वस्तू नेहमी तळफळीवर. वर जड आणि खाली रिकामं असं टेबल लहान मूल लोंबकळलं तर कलंडू शकतं.

माथा: दगड की सनमायका?

सनमायका स्वस्त, हलका, पुसायला सोपा. पण गॅसवरून उतरवलेली कढई त्यावर ठेवता येत नाही. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट गरम सोसतो, पण आपल्या मापाला त्याचं वजन ३५ किलो. कडप्पा आणि संगमरवर या चुनखडीच्या जातीच्या दगडांवर लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की डाग खोल जातो. आंबट चुन्याला खातं, हे रसायनशास्त्र आहे, दगडवाल्याचा दोष नाही.

मधला मार्ग असा, की माथ्याला सनमायका आणि वर एक सुटा दगडाचा तुकडा. नवीन ओटा बसवताना सिंकसाठी ग्रॅनाइटमध्ये जो आयत कापतात तो तुकडा दगडवाल्यांकडे पडून असतो. त्याच्या कडा घासून घ्या, खाली रबराची बटणं चिकटवा. गरम भांडं ठेवायला तोच, आणि पोळ्या लाटायलाही तोच.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: टेबलावर मिक्सर, इंडक्शन चालवता येईल का?
उत्तर: मिक्सर चालेल, तो ५०० ते ७५० वॉटचा असतो. पण टेबल भिंतीच्या प्लगजवळ नेऊन. येण्या-जाण्याच्या वाटेवर वायर पसरू नका, पाय अडकला की मिक्सरही खाली आणि माणूसही. इंडक्शन २,००० वॉटचं असेल तर जवळजवळ नऊ अँपिअर घेतं. साधा प्लग सहा अँपिअरचा. म्हणून ते सोळा अँपिअरच्या प्लगवरच, एक्स्टेन्शनवर नाही. आणि गॅसची शेगडी या टेबलावर कधीच नेऊ नका. चाकावरची वस्तू आणि गॅसची नळी यांचं जमत नाही.

प्रश्न: शीट घेण्याइतकेही पैसे नसतील तर?
उत्तर: सगळ्यात स्वस्त लाकूड घरात आधीच असतं. मुलांचं जुनं अभ्यासाचं टेबल, शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा, जुन्या दाराची फळी. अभ्यासाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. पायांखाली चाकं लावली की ते ८५ होतं. म्हणजे खर्च चाकांचा आणि स्क्रूचा. पाय बारीक असतील तर आधी दोन पायांना जोडणारी पट्टी मारा आणि चाकं त्या पट्टीला लावा.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात, तिला उभं राहवत नाही. तिच्यासाठी काय करता येईल?
उत्तर: मग बसून करायचं टेबल करा. माथा ७५ सेंटिमीटरवर, स्टूल ४५ चं, आणि एका बाजूची मधली फळी काढून टाका म्हणजे गुडघे आत जातात. चाकांचे ब्रेक लावलेले हवेत, आणि स्टुलाला चाकं अजिबात नकोत. आपल्याकडे स्वयंपाक बसूनच व्हायचा, तेव्हा बसून चिरण्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: इतकं करून वेळ किती वाचतो?
उत्तर: मिनिटांत सांगणं कठीण आहे. पण परातीला जागा करायला आधी मिक्सर उचला, मिक्सरला जागा करायला आधी भांडी उचला, ही रोजची कसरत थांबते. आणि एक गोष्ट नक्की होते. टेबलाला दुसरी बाजू असते, तिथं कुणीतरी येऊन उभं राहतं. आलेल्या माणसाच्या हातात सोलाणं द्यायचं की नुसत्या गप्पा मारायच्या, ते तुम्ही ठरवा.

आज इथंच थांबू. वहीतली मापं एकदा शेजारी बसलेल्या कुणाकडून तरी तपासून घ्या आणि मगच प्लायच्या दुकानात जा.